गिरणीतल्या मुली आणि परतीची वाट

१८४५ सालच्या नाताळच्या तोंडावर मेरी पॉल नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने अमेरिकेतल्या लोवेल शहरातून वडिलांना पत्र पाठवलं. लोवेल मॅसेच्युसेट्स राज्यातलं, वडील शेजारच्या व्हरमाँटमधले. पत्रात हिशेब आहे. पगार हाती आला ६ डॉलर ६० सेंट. खाणावळीचे ४ डॉलर ६८ सेंट गेले. उरलेल्यात रबरी जोडे घेतले आणि पन्नास सेंटांचे बूट. त्याच पत्रात, त्याच सुरात, दोन-तीन बातम्याही आहेत. गिरणीत जाता-येता एक मुलगी बर्फावरून घसरली आणि मान मोडून जागच्या जागी गेली. त्याच दिवशी एक माणूस आगगाडीखाली सापडला. मग स्वतःविषयी : साच्यावरच्या भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावण्यात आपल्या खात्यातल्या कुठल्याही मुलीला आपण हार जात नाही. शेवटी शिफारस, की कुणा मुलीला काम हवं असेल तर तिने खुशाल लोवेलला यावं.

या पत्राआधी काही महिने तिने वडिलांकडे परवानगी मागितली होती. कारण साधं होतं. अंगावर धड कपडे नाहीत, आणि तिकडे गेलं तर ते स्वतःच्या कमाईतून घेता येतील. तीन वर्षांनी, १८४८ मध्ये, सूर बदललेला दिसतो. काम झेपत नाही, आणि मजुरी कापण्याची वर्दी आलेली आहे. कंपन्या तोट्याचं रडगाणं गातात, त्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. पुढे तिने गिरणी सोडली. काही काळ वडिलांपाशी राहिली, ब्रॅटलबरो गावात कोट शिवले, न्यू जर्सीत सहजीवनाचा प्रयोग करणाऱ्या एका वसाहतीत जाऊन राहिली आणि १८५७ साली लग्न केलं. गिरणी तिच्या आयुष्यातला एक टप्पा होता, तिचं अख्खं आयुष्य गिरणीत गेलं नाही.

लोवेलच्या मुलींच्या दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली कौतुकाची. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि थक्क झाला : खाणावळींमध्ये वर्गणी काढून घेतलेले पियानो, फिरती वाचनालयं, आणि या मुलींनी स्वतः लिहून चालवलेलं ‘लोवेल ऑफरिंग’ हे मासिक. मँचेस्टरच्या गिरण्या माहीत असलेल्या इंग्रजाला हे नवलच होतं. दुसरी गोष्ट लढ्याची. दिवसाचे बारा-तेरा तास राबणाऱ्या या मुलींनी १८३४ मध्ये आणि १८३६ मध्ये संप केले, दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या गोळा केल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दोन्हींमध्ये एक साधी बाब बाजूला पडते. या मुलींच्या मागे घर होतं, शेत होतं. रागावून गाठोडं उचललं तर दोन-तीन दिवसांत आईच्या चुलीपाशी पोचता येत होतं. त्यांच्या धीटपणाचं मूळ मला तिथे दिसतं. आणि त्यांच्या हरण्याचंही मूळ पुष्कळसं तिथेच आहे.

ही परतीची वाट योगायोगाने उघडी राहिली नव्हती. अमेरिकेत पाण्याच्या बळावर चालणाऱ्या यंत्रांवर सूत काढायला यशस्वी सुरुवात केली ती सॅम्युएल स्लेटरने १७९० साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी. त्याचे पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुलं होती. पुढे त्या भागात अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं गिरणीच्या दावणीला बांधली गेली. बॉस्टनचा व्यापारी फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१० च्या सुमारास ब्रिटनला गेला, तिथले यंत्रमाग डोळ्यांत साठवून परतला आणि पॉल मूडी या कसबी कारागिराच्या मदतीने त्याने वॉल्थमला गिरणी उभी केली. कापूस एका दारातून आत, तयार कापड दुसऱ्या दारातून बाहेर, सगळं एका छपराखाली. १८१७ मध्ये तो वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्यापाशी जमीन घेतली, कालवे काढले, १८२३ साली तिथे पहिलं कापड निघालं आणि त्या गावाला त्याचं नाव दिलं. कुरणं आणि थोडीबहुत घरं असलेल्या या जागेत १८५० पर्यंत ३३ हजार लोक राहत होते.

या बॉस्टनवाल्यांनी मँचेस्टर पाहिलं होतं. धुरापेक्षा त्यांना धास्ती वाटली ती तिथल्या पिढीजात गिरणी-कामगारांची, ज्यांना गिरणीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं आणि म्हणून जे कधीही बिथरू शकत होते. असा वर्ग आपल्या प्रजासत्ताकात नको, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यावर काढलेला तोडगा चलाख होता. कामगार येतील, काही वर्षं राबतील आणि निघून जातील. मुलगे शेतीवर हवे असतात, पश्चिमेकडे नवी जमीन घ्यायला निघतात. मग उरतात मुली. न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मेन इथल्या मध्यम शेतकऱ्यांच्या, पंधरा ते तिशीच्या आतल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या मुली.

मुलींना घरी काम कमी पडू लागलं होतं, आणि ते काढून घेतलं होतं याच गिरण्यांनी. पूर्वी घरोघर सूत कातायचं, कापड विणायचं ते मुलींनी. दुकानात गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि माळ्यावर गेलेला चरखा पुन्हा खाली आला नाही. त्यातच ईरी कालवा १८२५ मध्ये खुला झाला, पश्चिमेचा गहू पूर्वेच्या बाजारात आला आणि न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतीचा दम उखडायला लागला. घरकाम, शिवणकाम, उन्हाळी शाळेतली मास्तरकी यांतून जे मिळे त्यापेक्षा गिरणीत जास्त मिळत होतं : १८३६ च्या सुमारास आठवड्याला सव्वातीन डॉलरच्या आसपास, त्यातून सव्वा डॉलर खाणावळीला. तेही रोख, आणि स्वतःच्या हातात.

आता प्रश्न होता बापाचा. देवभीरू शेतकरी आपली सतरा वर्षांची पोर परक्या गावी एकटी का पाठवील? म्हणून विटांच्या पक्क्या खाणावळी बांधल्या. त्या चालवायला बहुधा विधवा बाया ठेवल्या. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला गेलंच पाहिजे, चालचलणूक बरी नसेल तर गच्छंती. या नियमांना कुणी पितृवत काळजी म्हणतं, कुणी तुरुंग. मला ती खेड्यापाड्यांतल्या बापांना उद्देशून केलेली जाहिरात वाटते. काळजी खरी असती तर गिरणीच्या आत दिसली असती. तिथे खिडक्या बंद ठेवत, कारण हवा कोरडी पडली की सूत तुटतं. धोट्याच्या भोकातून सूत ओढून घ्यायला विणकरीण ते तोंडाने चोखायची. त्याबरोबर तंतू आणि धूळ छातीत जायची. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ तेलाचे दिवे लागत, आणि खात्यातल्या सगळ्या माणसांनी त्याच हवेत श्वास घ्यायचा.

खाणावळीची मात्र दुसरी बाजू मालकांच्या ध्यानात आली नसावी. एका घरात पंचवीस-तीस जणी, एका खोलीत चार ते सहा, एका बिछान्यात दोघी. हॅमिल्टन कंपनीच्या दफ्तरांचा बारकाईने अभ्यास करून थॉमस डब्लिन या इतिहासकाराने दाखवलं आहे, की तिथल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया कंपनीच्याच खाणावळीत राहत होत्या. नवी मुलगी आली की एखादी बहीण, मावसबहीण किंवा गावची मैत्रीण आधीच तिथे असे. तीच काम शिकवी, तीच टोपी कुठली घ्यायची ते सांगे. मजुरी कापल्याची बातमी रात्रीच्या जेवणात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ लागणार? मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळींची आठवण ज्यांच्या घरात अजून आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. डब्लिनचा भर या एकोप्यावर आहे, आणि तो रास्त आहे. पण नुसता एकोपा पुरत नाही. एकत्र राहणारी माणसं एकत्र घाबरूही शकतात.

फेब्रुवारी १८३४ मध्ये कंपन्यांनी मजुरीत सुमारे पंधरा टक्के कपात जाहीर केली. गिरण्यांमध्ये कुजबुज वाढली, तेव्हा गिरणीचा कारभार पाहणाऱ्या एका एजंटाने पुढाकार घेणाऱ्या मुलीला कामावरून काढलं. कचेरीतून बाहेर पडताना तिने डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवली. खिडक्यांतून बघणाऱ्या मुलींना तेवढी खूण पुरली. जवळजवळ ८०० जणी काम टाकून रस्त्यावर आल्या, म्हणजे गावातल्या गिरणीकामगार स्त्रियांपैकी दर सहा जणींमागे एक. मिरवणूक निघाली, एक जण पाण्याच्या पंपावर चढून बोलली. जाहीर जागी बाईने उभं राहून बोलणं तेव्हा कानांना न सोसणारी गोष्ट होती. आपण स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्यांच्या लेकी आहोत, हे त्यांच्या जाहीरनाम्याचं पालुपद होतं.

याच्यापुढची गोष्ट सहसा कुणी रंगवून सांगत नाही. मुलींनी बँकेतले आपले पैसे काढून घेतले, गिरणीकडे हिशेब मागितला आणि बऱ्याच जणी गाव सोडून निघाल्या. एजंटांनी त्यांना ‘अ‍ॅमेझॉन’, म्हणजे ग्रीक पुराणातल्या लढवय्या बाया, म्हणून हिणवलं, हिशेब चुकता केला आणि ब्याद टळली म्हणून सुस्कारा टाकला. काही दिवसांत सगळं शांत झालं, कपात कायम राहिली. संप फसला, हा निकाल बरोबरच आहे. पण त्यांच्यासाठी संप आणि राजीनामा यांच्यामधली भिंत फार पातळ होती. कपात मान्य नाही, मग मी घरी जाते. हे म्हणायला ज्याला जागा आहे, त्याला मालकाच्या तोंडावर बोलताना पोटात गोळा येत नाही.

दोन वर्षांनी खाणावळीचा दर वाढला, म्हणजे मजुरी वेगळ्या वाटेने कापली गेली. या वेळी दीड हजारांहून जास्त जणी बाहेर पडल्या, त्यांनी संघटना काढली, आणि तिच्या सभासदांचा आकडा अडीच हजारांपर्यंत गेला. १८३६ मध्ये धंदा तेजीत होता, माल हवा होता, हात कमी होते. बऱ्याच मुली घरी जाऊन बसल्या. गिरण्या कित्येक महिने अर्ध्यामुर्ध्या चालल्या आणि काही कंपन्यांना दरवाढ मागे घ्यावी लागली. मागणी-पुरवठ्याच्या तराजूत परतीच्या वाटेला तेव्हा वजन आलं. पुढच्याच वर्षी मंदीने सगळं धुऊन नेलं, संघटनाही.

या संपातला एक प्रसंग गिरणीतल्याच हॅरिएट हॅन्सनने पुढे १८९८ साली छापलेल्या आठवणींत सांगितला आहे. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. वरच्या मजल्यांवरच्या बाया बाहेर पडल्या, पण तिच्या खात्यातल्या मुली जावं की नाही या घोळात. तिला धीर धरवेना. कुणी येवो न येवो, मी चालले, असं म्हणून ती निघाली आणि मागे वळून पाहते तर सगळं खातं तिच्या पाठीशी. पोरीने पराक्रम केला, आणि त्याचे चटके बसले तिच्या आईला. ती विधवा होती, कंपनीची खाणावळ चालवत होती. एजंटाने तिला घालवलं. मोठ्या मुलींना तू आवरू शकली नसशील, पण ही तर तुझ्याच पोटची पोर, हिला तरी आवरायचं होतंस, अशा अर्थाची कानउघाडणी करून. लोवेलमध्ये ज्यांना परत जायला घर होतं त्या संप करून सुटल्या, आणि जिचं खाणावळ हेच घर होतं तिला रस्ता दाखवला गेला. मालकांना बरोबर ठाऊक होतं, कुणाला हात लावला की लागतो.

परतीची वाट मालकांना हवीही होती आणि नकोही. कामगार कायमचे राहू नयेत हे त्यांना हवं होतं, पण ते स्वतःच्या मर्जीने निघून जाऊ लागले तर साचे ओस पडतात. म्हणून नियम केला : निदान बारा महिने काम करायचं, सोडण्याआधी दोन आठवडे सूचना द्यायची, तरच सन्मानाचा दाखला मिळेल. दाखला नसेल तर नाव काळ्या यादीत, आणि यादी गावातल्या सगळ्या कंपन्यांत फिरणार. म्हणजे गिरणीचं दार आत येण्यासाठी सताड उघडं, बाहेर जाण्यासाठी किलकिलं.

आणि घर म्हणजे नेहमीच आसरा असतो, असंही नाही. हॅरिएटच्याच आठवणींत खोटं नाव घेऊन कामाला राहिलेल्या बाया भेटतात. नवऱ्याला सोडून त्या आल्या होत्या. कधी नवरा माग काढत यायचा आणि थेट गिरणीच्या कचेरीत जाऊन बायकोची मजुरी मागायचा. कायदा त्याच्या बाजूने होता, विवाहितेची कमाई नवऱ्याची. मॅसेच्युसेट्सने हे बदललं ते १८५५ मध्ये. या बायांना परतीची वाट नको होती, ती बुजवायला त्या आल्या होत्या. त्यांच्यासाठी बारा तासांची गिरणी हीच सुटका होती. गिरणीला सरसकट छळछावणी म्हणणाऱ्यांनी या बायांचं काय करायचं ते ठरवायला हवं.

ज्यांना कुठलीच वाट नव्हती त्या माणसांशिवाय लोवेलचं एकही चाक फिरलं नसतं. गिरण्यांमधला कापूस दक्षिणेतला, गुलामांनी पेरलेला आणि वेचलेला. १८३० मध्ये अमेरिकेत २० लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. ही वाढ आणि गिरण्यांची वाढ यांना एकमेकींपासून तोडता येत नाही. लोवेलच्या काही गिरण्या खास गुलामांसाठी जाडंभरडं कापडही काढत. ते दक्षिणेत इतकं ओळखीचं झालं, की मळ्यांवर त्याला ‘लोवेल’ असंच म्हणत. गुलाम बाईने वेचलेला कापूस उत्तरेत जायचा, शेतकऱ्याची मुलगी त्याचं कापड विणायची आणि ते पुन्हा त्या बाईच्याच अंगावर यायचं. सिनेटर होण्याआधीच, १८४८ मध्ये, चार्ल्स समनरने मागांचे मालक आणि चाबकाचे मालक यांच्या या सोयरिकीवर जाहीर कोरडे ओढले होते.

लोवेलच्या मुलींना हे कळत नव्हतं असं नाही. गुलामगिरीविरोधी स्त्रियांची संस्था गावात १८३० च्या दशकातच निघाली होती. गिरणीतल्या कित्येकींनी गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या केल्या. तरीही संपाच्या वेळी त्यांच्या तोंडी सतत एकच उपमा येत होती : आम्ही गुलाम होणार नाही. ही उपमा मला अवघडून टाकते. त्यात बंडाचा जोर आहे. पण त्यातच एक गृहीतही आहे, की गुलामी ही आपल्या वाट्याची नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची गोष्ट आहे. दक्षिणेतले गुलाममालक नेमका उलटा डाव टाकत : बघा, तुमच्या स्वतंत्र मजुरांपेक्षा आमचे गुलाम बरे. लोवेलच्या मुलीकडे या डावाचं सरळ उत्तर होतं. तिच्याकडे दोन आठवड्यांची सूचना होती. पळालेल्या गुलामामागे कुत्री सोडत.

१८४० नंतर परतीची वाट अरुंद होऊ लागली, आणि याच काळात लोवेलमधला सगळ्यात मोलाचा वाद झाला. मागांचा वेग वाढवला. एका बाईकडे दोन माग असत, तिथे तीन, मग चार. खात्यातलं उत्पादन वाढलं की मुकादमाला बक्षिसी. डब्लिनच्या हिशेबाप्रमाणे १८४० ते १८५४ या काळात सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या बायांवरचा भार दुपटीहून जास्त वाढला, मजुरी वाढली फक्त १६ टक्के. सारा बॅग्ली ही विणकरीण १८३७ पासून गिरणीत होती. आधी तिने ‘लोवेल ऑफरिंग’मध्ये लिहिलं, मग त्याच मासिकावर उघड टीका केली, की हे कंपन्यांचं मुखपत्र झालं आहे, यात मजुरी आणि तास यांवर चकार शब्द येत नाही. संपादक हॅरिएट फार्ली स्वतः गिरणीतूनच आलेली. गिरणीतली मुलगी म्हणजे अडाणी, सैल चालीची, हा समज खोडून काढणं हे तिला आपलं काम वाटत होतं. मी फार्लीला खलनायिका मानत नाही. पण प्रतिष्ठा सिद्ध करण्यात सगळी शाई संपली की पगारपत्रकावर लिहायला ती उरत नाही, हे बॅग्लीचं म्हणणं खरं होतं.

१८४४-४५ च्या हिवाळ्यात बॅग्ली आणि तिच्या सोबतिणींनी स्त्रियांची कामगार सुधारणा संघटना काढली आणि दहा तासांच्या कायद्यासाठी विधिमंडळाकडे अर्ज धाडले. अर्जांची चौकशी करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष विल्यम शाउलर, लोवेलचाच वर्तमानपत्रवाला आमदार. फेब्रुवारी १८४५ मध्ये बॅग्ली, एलायझा हेमिंग्वे आणि आणखी काही जणींनी साक्ष दिली. हेमिंग्वेने आकडेच ठेवले समोर : उन्हाळ्यात सकाळी पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत काम, न्याहारीला अर्धा तास, जेवायला पाऊण. वर्षातले आठ महिने जेवणालाही अर्धाच तास. तिच्या खात्यात १३० बाया, ११ पुरुष, अकरा ते चौदा वर्षांची १२ मुलं. संध्याकाळी तिथे २९३ छोटे आणि ६१ मोठे दिवे जळत.

३५४ तेलाचे दिवे, बंद खिडक्या आणि दीडशेच्यावर माणसं. समिती मग लोवेलला गेली. गिरण्यांच्या आवारातली हिरवळ, फुलं आणि झाडं पाहून तिला बरं वाटलं आणि तसं तिने अहवालात लिहिलंही. निष्कर्ष असा होता, की गैरसोयी आहेत खऱ्या, पण उपाय विधिमंडळाच्या हातात नाही. मॅसेच्युसेट्समध्ये कायदा केला तर धंदा दुसऱ्या राज्यात जाईल. आणि इथले कामगार सुबुद्ध आहेत, आपला करार आपण करायला समर्थ आहेत, त्यांना कायद्याचं संरक्षण कशाला? पुढच्या वर्षी याहून कितीतरी जास्त सह्यांचे अर्ज गेले, उत्तर तेच.

दुखणं इथेच होतं. मुलींचं जे बळ होतं, तेच त्यांच्याविरुद्ध वापरण्यात आलं. तू आपणहून आलीस, नको असेल तर जा, दार उघडं आहे. बॅग्लीने ‘व्हॉइस ऑफ इंडस्ट्री’ या कामगारांच्या पत्रात याला जे उत्तर दिलं, तसं चोख उत्तर त्या काळात दुसऱ्या कुणी दिलेलं माझ्या पाहण्यात नाही. तिचा मुद्दा असा : आम्हाला इथे आणणारा चाबूक गरजेचा आहे. बापाचं कर्ज फेडायचं आहे, म्हातारी आई सांभाळायची आहे, भावाला शिकवायचं आहे. याला राजीखुशी म्हणता?

बॅग्लीच्या पिढीची समज १८३४ च्या मुलींहून एक पाऊल पुढे होती. सोडून जाता येणं हा एक हक्क झाला. इथेच राहून माणसासारखं वागवलं जाणं हा त्याहून निराळा हक्क. पहिला प्रत्येकीला एकटीने बजावता येतो, फक्त गाठोडं बांधावं लागतं. दुसऱ्यासाठी कायदा लागतो, आणि मुलींना मत नव्हतं. त्यांनी लोवेलमधून शाउलरला पाडण्यासाठी कंबर कसली आणि तो पडला, ते मतदार पुरुषांच्या हातून. स्वतः बॅग्ली १८४६ मध्ये लोवेलच्या नव्या तारघरात लागली. तार पाठवणाऱ्या पहिल्या काही अमेरिकन स्त्रियांत तिची गणना होते. पुढच्या वर्षी ती स्प्रिंगफील्डच्या तारघरात गेली. तिच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या पुरुषाच्या पगाराचा जेमतेम पाऊण हिस्सा आपल्याला मिळतो, हे तिथे तिच्या लक्षात आलं.

१८४० च्या दशकात शेतकऱ्यांच्या मुलींनी वादाऐवजी पायांनी मत द्यायला सुरुवात केली. ज्यांना जमलं त्या शिक्षिका झाल्या, शिवणकामाकडे वळल्या, लग्न करून गेल्या, आणि नव्या यायच्या थांबल्या. १८४६ मध्ये ‘व्हॉइस ऑफ इंडस्ट्री’ने लिहिलं, की कंपन्यांची लांबलचक काळी गाडी व्हरमाँट-न्यू हॅम्पशरच्या खेड्यांतून फिरते आणि मुली गोळा करणाऱ्याला डोईमागे एक डॉलर मिळतो. पंधरा वर्षांपूर्वी मुली बहिणीच्या पत्रावर येत होत्या, आता दलाल धाडावे लागत होते. मग आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पडला. आयरिश लोवेलला नवे नव्हते. कालवे त्यांनीच खोदले होते, फक्त गिरणीत त्यांच्या बायकांना सहसा कोणी घेत नव्हतं. हॅमिल्टन कंपनीत १८३६ मध्ये परदेशात जन्मलेले कामगार चार टक्क्यांहून कमी होते. १८६० मध्ये साठ टक्क्यांहून जास्त.

आयरिश बाईच्या मागे शेत नव्हतं, समुद्र होता आणि पलीकडे भूक. तिला घरभाडं द्यायचं होतं, पोरं गिरणीत धाडायची होती. बॉस्टनवाले ज्याला घाबरून हा सगळा डोलारा रचत होते, तो पिढीजात गिरणी-कामगारांचा वर्ग तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्याच आवारात उभा राहिला. खाणावळींचे नियम ढिले झाले. बापाची समजूत काढायची गरज उरली नव्हती. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेचा कापूस अडकला, तेव्हा लोवेलच्या बड्या कंपन्यांनी गोदामातल्या गासड्या चढ्या भावाने विकून टाकल्या आणि हजारो कामगारांना घरी बसवलं. (त्याच टंचाईने मुंबईत कापसाच्या व्यापाऱ्यांवर पैशाचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच अनेकांची दिवाळी निघाली, ती गोष्ट आपल्याकडे सर्वश्रुत आहे.) घरी बसवलं म्हणतो खरं, पण व्हरमाँटच्या मुलीने घरी बसणं आणि आयरिश बाईने घरी बसणं यात अंतर होतं. या दुसरीचं घर लोवेलमध्येच, भाड्याचं.

आता कुणी म्हणेल, मग परतीची वाट नसलेले कामगार लढतच नाहीत का? तसं मुळीच नाही, आणि माझ्या युक्तिवादाला सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. मेरिमॅकच्याच काठी, लोवेलपासून थोड्या अंतरावरच्या लॉरेन्समध्ये १९१२ च्या जानेवारीत संप झाला. कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ केले आणि मालकांनी दोन तासांची मजुरी कापली. इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन, कितीतरी भाषा बोलणारे कामगार, त्यात बाया आघाडीवर, दोन महिन्यांच्या वर टिकले. पोरांची उपासमार होऊ नये म्हणून त्यांना दुसऱ्या शहरांत माणुसकीने सांभाळणाऱ्यांकडे पाठवलं. शेवटी मजुरी वाढवून घेतली. यातल्या बहुतेकांना परत जायला काही नव्हतं. पण त्या संपाची रीत पहा : सार्वजनिक जेवणं, देशभरातून आलेली मदत, मुलांची दूरवर सोय. लोवेलच्या मुलीला जे शेत आणि आई देत होती, ते यांना वर्गणी काढून, जिवाचं रान करून उभं करावं लागलं. जी वाट आयती मिळाली नव्हती, ती बांधावी लागली.

दहा तासांचा कायदा मॅसेच्युसेट्सने स्त्रिया आणि मुलांपुरता केला तो १८७४ मध्ये, एलायझा हेमिंग्वेच्या साक्षीनंतर २९ वर्षांनी. तोवर साक्ष देणाऱ्या पिढीतली क्वचितच कुणी गिरणीत उरली असेल. पण १८४५ च्या समितीने धंदा दुसरीकडे जाईल म्हणून जी भीती घातली होती, तिच्यात तथ्य होतं. चुकलं इतकंच, की जाण्याची वाट कुणाकडे आहे याचा हिशेब तिने एकाच बाजूने मांडला. मुलींना दार दाखवणाऱ्या भांडवलालाही पाय होते, आणि ते मुलींच्या पायांपेक्षा लांब टाकता येत होते. मॅसेच्युसेट्समधल्या चिकोपीच्या ड्वाइट कंपनीला अलाबामात गिरणी काढायची होती. त्या राज्यात १८८७ पासून गिरणीत स्त्रिया आणि मुलांचे तास आठवर आणणारा कायदा होता. कंपनी यावी म्हणून १८९४-९५ च्या सुमारास तो रद्द झाला. लोवेलची पहिली मोठी कंपनी, मेरिमॅक, हिने १९०० च्या आसपास अलाबामातच हंट्सव्हिलला नवी गिरणी उभारली. कापूस तिथे दाराशी होता, मजूर गोरे गरीब शेतकरी होते, आणि साच्यांवर पुन्हा एकदा, स्लेटरच्या पॉटकेटसारखीच, पोरं उभी होती.